मुखवटा नको, बाहुली सावकाश घ्या

प्रश्न : ताई, आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. मागच्या वर्षी ग्रँड कॅन्यनहून परतताना यजमानांनी रस्त्याकाठच्या दुकानातून ४५ डॉलरला एक 'कचिना डॉल' आणली. अंगावर फर आणि पिसं, पायांत चामड्याचे बूट, हातात खुळखुळा, खाली गोल लाकडी बैठक. मला ती फारशी भावली नव्हती. पुढे फिनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये जुन्या होपी बाहुल्या पाहिल्या आणि वेडच लागलं. साध्या, पोटाशी हात घेतलेल्या, जेमतेम वीतभर. तशा पारंपरिक बाहुल्यांचा छोटासा संग्रह करायची इच्छा आहे. वर्षाला दीड हजार डॉलर बाजूला काढू शकते. ऑनलाइन एक विक्रेता १९२० च्या सुमाराची म्हणून एक बाहुली ९०० डॉलरला देतो आहे. सोबत 'नाचातला जुना मुखवटा' घेतला तर दोन्हींवर सवलत देईन म्हणतो. घ्यावं का? एक मैत्रीण म्हणाली, हे त्यांचे देव आहेत, बाहेरच्यांनी घेऊच नयेत. तेव्हापासून मन खातंय. शिवाय दोन वर्षांनी आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत. तिकडच्या हवेत या बाहुल्या टिकतील का? आणि सासूबाई विचारताहेत, देव्हाऱ्यात ठेवायच्या की गौरीपुढच्या आराशीत?
— एक वाचक, चँडलर

उत्तर : आधी मुखवट्याचं बोलते, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. तो घेऊ नका. सवलतीत नको, भेट म्हणून दिला तरी नको, आणि नुसता बघायला म्हणून घरी मागवूही नका. होपी ही ॲरिझोनातली एक मूळनिवासी जमात. हे लोक या मुखवट्यांना मित्र म्हणतात आणि ते जिवंत आहेत असं मानतात. एखादी व्यक्ती किंवा एखादं कूळ त्यांचा सांभाळ करतं, पण मालकी कुणा एकाची नसते. त्यामुळे ते विकण्याचा हक्कही कुणा एकाला नसतो. म्हणजे बाजारात आलेला मुखवटा खरा असेल, तर मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर तो चोरीला गेलेला असतो किंवा विकण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने विकलेला असतो.

एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात असे सुमारे सत्तर मुखवटे विक्रीला निघाले. होपींनी विक्री थांबवण्याची विनंती केली, अमेरिकी दूतावासानेही लिलाव पुढे ढकलण्यास सुचवलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथे विनंती फेटाळली गेली. लिलाव झाला, नऊ लाख युरोंच्या वर रक्कम जमली. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये पुन्हा तसाच लिलाव ठरला. या वेळी अमेरिकेतल्या ॲननबर्ग फाउंडेशनने फोनवरून बोली लावून २४ वस्तू सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरला घेतल्या. त्यांतल्या २१ होपींना आणि ३ सॅन कार्लोस अपाची लोकांना परत करायच्या, एवढ्याच हेतूने. ज्यांचं होतं त्यांना ते परत मिळावं म्हणून तिसऱ्याच कुणीतरी भर लिलावात पैसे मोजले. हे आठवलं की मला आजही राग येतो.

पवित्र वस्तूंच्या अशा खरेदी-विक्रीबद्दल अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या कायद्याने त्या देशाबाहेर नेण्यावरही बंदी घातली. तुम्ही पुण्याला परतणार आहात, त्यामुळे हे तुम्हाला थेट लागू होतं. मुखवटा खरा असेल तर तो घेणं गुन्ह्यात ओढेल, खोटा असेल तर तुम्ही फसाल. विक्रेत्याशी वाद घालत बसू नका. जाहिरातीचा फोटो आणि मजकूर जपून ठेवा आणि होपी जमातीच्या कल्चरल प्रिझर्वेशन ऑफिसला कळवा. ते किकोत्समोवी गावात आहे. पुढचं काय ते त्यांना ठरवू द्या. आणि जो माणूस मुखवटा विकायला काढतो त्याच्याकडून बाहुलीही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या बाहुलीबद्दल आणखीही शंका आहेत, त्या पुढे सांगते.

आता मैत्रिणीचा मुद्दा. तिने तुमच्या मनात शंका घातली हे चांगलंच झालं. विचार न करता घेत सुटणाऱ्यांनीच या लोकांचं बरंच नुकसान केलं आहे. पण मुखवटा आणि बाहुली यांत फरक आहे, आणि तो होपी स्वतःच करतात.

ईशान्य ॲरिझोनातल्या तीन उंच सपाट कड्यांवर, म्हणजे मेसांवर, होपींची गावं आहेत. ओरायबी हे त्यांतलं एक गाव बाराव्या शतकापासून वसलेलं आहे. वर्षाकाठी पाऊस दहा इंचांच्या आसपास, कालवे नाहीत, आणि तरी हे लोक कोरडवाहू मका पिकवत आले आहेत. कत्सिना (दुकानातल्या 'कचिना डॉल'मधलं 'कचिना' ते हेच) म्हणजे पावसाचे, पिकांचे, पशुपक्ष्यांचे, पूर्वजांचे आत्मे. माणसांच्या प्रार्थना वर नेणारे आणि पाऊस घेऊन येणारे. आपण देवाची पूजा करतो त्या अर्थाने ते देव नव्हेत. वर्षाचा एक भाग ते फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर राहतात आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास गावांत यायला लागतात. जुलैत निमान सोहळा होतो आणि ते परत जातात. त्यांचे अडीचशेहून अधिक प्रकार आहेत. मधमाशीचा आहे, भोपळ्याचा आहे, आणि गोऱ्या लोकांबरोबर गाय आली तेव्हा गायीचाही आला.

फेब्रुवारीतल्या पोवामुया सोहळ्यात आणि जुलैतल्या निमानात कत्सिना गावातल्या मुलींना बाहुल्या देतात. होपी तिला तिहू म्हणतात. तान्ह्या मुलीला मिळते ती चपटी, फळीसारखी, पुत्स्कातिहू. त्यावर बहुतेक वेळा हाहाईवूती म्हणजे कत्सिनांची आई रंगवलेली असते. मुलगी मोठी होत जाते तशी बाहुलीही भरीव होत जाते. मुलग्यांना धनुष्यबाण मिळतात. घरी नेल्यावर बाहुली दोरीने भिंतीवर टांगतात. म्हणजे तिहू ही मुळातच कुणीतरी कुणाला तरी द्यायची वस्तू आहे. म्हणूनच पुढे ती राजीखुशीने बाहेरच्यांच्या हातात जाऊ शकली, मुखवटा तसा जाऊ शकला नाही.

ती बाहेर गेली ती १८८० नंतर, रेल्वे विन्स्लो-फ्लॅगस्टाफपर्यंत पोहोचल्यावर. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १८९४ मध्ये या बाहुल्यांवर सचित्र लेख छापला. मागोमाग व्यापारी आले, फ्रेड हार्वी कंपनीची हॉटेलं आणि दुकानं आली, पर्यटक आले. पॅरिसचे अतिवास्तववादी कलावंत तर या बाहुल्यांनी वेडेच झाले होते. आंद्रे ब्रेताँ आणि माक्स अर्न्स्ट या दोघांकडेही त्यांचे संग्रह होते. तुम्ही हर्डमध्ये पाहिलेल्यांपैकी बऱ्याच बाहुल्या सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या असतील. त्यांनी १९६४ मध्ये आपल्या ४३७ बाहुल्या त्या म्युझियमला देऊन टाकल्या.

याबद्दल होपींमध्ये एकमत नाही. बाहुल्या कोरणं हे अनेक कुटुंबांचं उत्पन्नाचं साधन आहे, आणि आपलं काम जगाने पाहावं असं त्या कारागिरांना वाटतं. काही वडीलधाऱ्यांना मात्र विक्री आजही पसंत नाही. दोन्ही मतांचे लोक एकाच गावात, कधी एकाच घरात राहतात. यातून एका माणसाने काढलेली वाट मला फार विलक्षण वाटते. विल्सन तावाक्वाप्तेवा हे ओरायबीचे प्रमुख होते. सप्टेंबर १९०६ मध्ये सरकारी शाळा आणि सरकारशी संबंध या प्रश्नांवरून गाव दुभंगलं. कुठल्या गटाने गाव सोडायचं याचा निकाल दोन्ही गटांनी एकमेकांना रेटून लावला, आणि हरलेल्या गटाने बाहेर पडून हॉटेविला वसवलं. तावाक्वाप्तेवा जिंकलेल्या बाजूचे. तरी सरकारने त्यांनाही कॅलिफोर्नियातल्या शाळेत धाडलं. एवढं सोसून परतलेला हा माणूस पुढे म्हातारपणी बाहुल्या कोरून येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना विकत असे. पण त्या बाहुल्यांत ते मुद्दाम घोळ करत. एका कत्सिनाचे कान, दुसऱ्याचं तोंड, तिसऱ्याचे रंग. कुठलाही खरा कत्सिना त्यातून पूर्ण होत नसे. पाहुण्याला बाहुली मिळायची, आणि जे गावाचं ते गावातच राहायचं. १९६० मध्ये ते वारले. त्यांच्या त्या मिश्र बाहुल्यांना आज संग्राहक मोठी किंमत मोजतात.

आपल्याकडच्या वारली चित्रांचा विचार करा म्हणजे हे चटकन उमगेल. लग्नात सवाशिणींनी भिंतीवर लिहिलेला पालघाटदेवीचा चौक कुणी विकत मागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर काढलेलं चित्र मात्र अभिमानाने भिंतीवर लावता येतं, कारण ते त्यांनी बाहेरच्यांसाठीच काढलेलं आहे. आणि कारखान्यात छापलेली वारली नक्षीची चादर ही तिसरीच गोष्ट. तुमच्या पत्रातही या तिन्ही आहेत. मुखवटा पहिल्या जातीचा. होपी कारागिराने विकण्यासाठी कोरलेली तिहू दुसऱ्या. यजमानांनी आणलेली बाहुली बहुधा तिसऱ्या.

तिच्याबद्दल थोडंसंच. फर, चामडं, पिसं, गोल बैठक आणि ४५ डॉलर एवढ्यावरून सांगायचं तर ती होपी असण्याची शक्यता फार कमी आहे. अशा बाहुल्या दुकानांसाठी ढिगाने तयार होतात. काही शेजारच्या नावाहो जमातीचे लोक बनवतात, पण मुलींना तिहू देण्याची ही प्रथा नावाहोंची नाही. काही तर अमेरिकेतल्या कुठल्याच मूळनिवासी हातांनी बनलेल्या नसतात. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार एखादी वस्तू मूळनिवासींनी केली असं खोटं सांगून विकणं हा मोठा गुन्हा आहे. व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून हुशार दुकानदार 'नेटिव्ह शैलीची' किंवा 'साउथवेस्ट पद्धतीची' असं लिहून मोकळे होतात. यापुढे लेबलवर जमातीचं नाव आणि कारागिराचं नाव दोन्ही आहेत का ते बघा. एकही नसेल तर पुढे चला. यजमानांची बाहुली टाकू नका आणि त्यांना बोलही लावू नका. सहलीची आठवण म्हणून राहू दे, फक्त संग्रहात नको आणि पुढे कुणाला होपी म्हणून देऊ नका.

आता '१९२० च्या सुमाराची'. त्या काळातली खरी आणि चांगल्या अवस्थेतली बाहुली सहसा हजारो डॉलरला जाते. नऊशेला मिळते आहे, वर सवलतही, एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं. जुनी भासवायला बाहुल्यांना धुरी देतात, चहाचं किंवा तपकिरी रंगाचं पाणी लावतात. तो मळकटपणा सगळीकडे सारखा असतो, अगदी तुटलेल्या कडेच्या आतसुद्धा. खऱ्या जुन्या बाहुलीची झीज जागा धरून असते. गळ्याभोवती दोरी घासलेली असते, पाठ भिंतीला लागून लागून गुळगुळीत झालेली असते, कान किंवा शिंग तुटून पडलेलं असतं आणि तो तुटका भागही काळाने काळवंडलेला असतो. रंगाला चमक नसते. ॲक्रिलिक रंग विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. तो दिसला की १९२० विसरा. हे सगळं फोटोवरून ठरवता येत नाही. ज्यावर विसंबायचं ते कागद. कुणाच्या संग्रहातून आली, कधी विकत घेतली, जुनी पावती, व्यापाऱ्याची चिठ्ठी, घरातला जुना फोटो. यांतलं काहीच नसेल तर वयाचे पैसे देऊ नयेत.

तुम्हाला जे आवडलं त्यासाठी जुनी बाहुली घ्यायची गरजही नाही. हर्डमध्ये तुमचं मन वेधलं ते पोटाशी घेतलेल्या हातांनी, आखूड पायांनी, बैठक नसलेल्या साध्या आकारांनी. तीच पारंपरिक घडण, आणि ती आजही कोरली जाते. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाइकांना शेल्फवर उभी राहणारी बाहुली हवी होती म्हणून बैठक आली. मग नाचाच्या पवित्र्यातली बाहुली आली. १९७० नंतर तर स्नायू, बोटांची नखं, पिसाची एकेक रेघ लाकडात कोरणारे शिल्पकार पुढे आले. त्यांचं कसब अफाट आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण त्याच दशकात सेकंड मेसाचे मॅनफ्रेड सुसुंकेवा जुन्या घडणीकडे आणि मातीच्या रंगांकडे वळले. त्यांच्यामागून इतरही कारागीर आले. क्लार्क तेनाखोंग्वा त्यांतलेच. ते गायकही आहेत आणि पुढे होपी जमातीचे उपाध्यक्षही झाले.

या घडणीच्या बाहुलीचं सगळं बळ लाकडात आणि रंगात असतं. लाकूड कॉटनवूड या झाडाच्या मुळाचं. ओढ्या-नद्यांच्या काठी हे झाड वाढतं, त्याची मुळं पाण्याच्या शोधात दूरवर जातात, आणि पाऊस मागणाऱ्या बाहुलीला तेच लाकूड लागतं. नद्यांवर धरणं झाली, भूजल खाली गेलं, तसं हे मूळ मिळेनासं झालं. बऱ्याच कारागिरांना ते आता विकत घ्यावं लागतं, आणि बाहुलीच्या किमतीत तेही धरलेलं असतं. सुरीने आकार काढायचा, कानस आणि वाळूचा दगड फिरवायचा, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मग रंग. पिवळा आणि लाल लोहाच्या मातीचा, हिरवा-निळा तांब्याच्या खनिजांचा, काळा काजळीचा. रंगांना दिशाही आहेत. पिवळा वायव्येचा, निळा नैऋत्येचा, लाल आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. बाहुली हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते तिचं हलकेपण. आणि बोटाला थोडा रंग लागला तर घाबरू नका, खनिज रंगाचं ते लक्षणच आहे.

दीड हजारात काय होईल? एका नामवंत कारागिराची एक बाहुली, किंवा तरुण कारागिरांच्या दोन-तीन. चपटी पुत्स्कातिहू त्यामानाने बरीच स्वस्त मिळते, आणि सुरुवात मी तिनेच करायला सांगेन. होपी मुलीच्या घरातही पहिली तीच येते. सगळे प्रकार गोळा करायचा नाद धरू नका. काही कत्सिना कारागीर विकण्यासाठी कोरतच नाहीत, आणि 'तेवढा एक राहिला' म्हणून आग्रह धरणाऱ्या संग्राहकांनी त्यांना नको तेवढं छळलं आहे. त्यापेक्षा दोन-तीन कारागीर निवडा आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घ्या. त्यांचा हात कसा बदलत जातो ते तुम्हाला दिसेल, ते तुम्हाला ओळखू लागतील आणि बाहुलीबद्दल जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढं आपणहून सांगतील. विचारून विचारून काढू नका. "एवढंच सांगता येतं" असं ते म्हणाले की तिथेच थांबायचं.

त्यांना भेटायचं कुठे? तुमच्यापासून सर्वांत जवळ म्हणजे हर्ड म्युझियमचा मार्च महिन्यातला इंडियन फेअर अँड मार्केट. कारागीर स्वतः बसलेले असतात. पहिल्या दिवशी काहीच न घेता फक्त बघा. फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाचंही दार ठोठवा. १९३० पासून तिथे होपी कारागिरांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात झाली, आणि बाहुलीवर आपली सही करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी एक, जिमी केवानवायतेवा, तिथेच कामाला होते. आज बहुतेक कारागीर तळव्याखाली किंवा पाठीमागे नाव लिहितात, पुष्कळदा कुळाचं चिन्हही काढतात. घरी आल्यावर वहीत कारागिराचं नाव, गाव, त्याने सांगितलेलं कत्सिनाचं नाव, तारीख, किंमत आणि वापरलेलं साहित्य लिहून ठेवा. पावती त्याच वहीत चिकटवा.

आणि मेसांवर एकदा जाच. विन्स्लोहून ८७ क्रमांकाचा रस्ता उत्तरेला थेट सेकंड मेसाला जातो. तिथे होपी कल्चरल सेंटर आहे, राहायची आणि जेवायची सोय आहे. रस्त्यात एक गंमत होईल. उन्हाळ्यात नावाहो राष्ट्राची घड्याळं एक तास पुढे असतात, होपींची आणि बाकी ॲरिझोनाची नसतात, त्यामुळे फोनवरची वेळ मध्येच उडी मारते. कुणाला भेटायची वेळ दिली असेल तर हे ध्यानात ठेवा. गावात फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, अगदी वहीत चित्र काढणंही चालत नाही. कॅमेरा गाडीतच ठेवा. दारू नेऊ नका. बाहुल्या विकायला आहेत अशी पाटी काही घरांवर दिसेल; तिथे रोख पैसे न्या आणि घासाघीस करू नका. आपल्याला सवय असते म्हणून हे मुद्दाम सांगते. एका बाहुलीमागे किती दिवसांची मेहनत आहे ते किमतीवर लिहिलेलं नसतं. कत्सिनांचे नाच बऱ्याच गावांत बाहेरच्यांना बंद आहेत. १९९२ मध्ये एका अमेरिकी कॉमिकने कत्सिनांना मारामारी करणाऱ्या गुंडांच्या गोष्टीत घातलं होतं, त्यानंतर तर अनेक सोहळ्यांची दारं लागली. कुठे खुलं असेल आणि आत सोडलं, तर मागे, गप्प उभं राहायचं. लहान मुलं जवळ असताना मुखवट्यांविषयी किंवा नाचणाऱ्यांविषयी प्रश्न विचारायचे नाहीत. काही गोष्टी त्या मुलांना ठरलेल्या वयात, ठरलेल्या विधीनेच कळायच्या असतात.

सासूबाईंना सांगा, देव्हाऱ्यात नको. होपी स्वतः तिहूची पूजा मांडत नाहीत. ती मुलीला मिळालेली भेट असते, घरात भिंतीवर असते. आपण तिला हळद-कुंकू वाहिलं तर तिला नसलेला अर्थ चिकटवल्यासारखं होईल, शिवाय मातीचे रंग कायमचे डागाळतील. गौरीपुढच्या आराशीतही मी ठेवणार नाही. तिथे खेळणी, फराळ, दिवे यांच्या गर्दीत ती 'परदेशातली गंमत' होऊन जाईल. दिवाणखान्यात आतल्या भिंतीला काचेचं कपाट करा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कारागिराच्या नावासकट ओळख करून द्या. सासूबाईंना हे पटेल असं मला वाटतं. ज्यांनी गौरी आणल्या आहेत त्यांना एखाद्या वस्तूची जागा ठरलेली असते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत हे लाकूड शेकडो वर्षं टिकतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते ओलावा पिऊन फुगतं, नंतर आकसतं, आणि पांढऱ्या मातीचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो. म्हणून कपाटाला घट्ट बसणारं दार हवं, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी बदललेल्या. बाहेरची भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि थेट ऊन टाळा. उदबत्तीचा धूर लागेल इतक्या जवळ ठेवू नका. ओलं फडकं कधीच नाही. मऊ कोरड्या ब्रशने वरवर धूळ उडवायची, आणि हे काम तुम्हीच करायचं, घरकामाच्या ताईंवर सोडायचं नाही. वॉर्निश किंवा पॉलिश तर नावालाही नको. लाकडाखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर ती बाहुली लगेच इतरांपासून वेगळी करा. पिसं आणि फर असेल तर कसर लागते. कधी कुठल्या संग्रहालयातून बाहेर आलेली जुनी बाहुली हाती आली, तर हातमोजे घालूनच धरा. पूर्वी संग्रहालयांत किडीसाठी आर्सेनिक आणि पारा वापरत, आणि ते अजून त्या वस्तूंवर असतं.

पिसांचं एक महत्त्वाचं. गरुडाची किंवा इतर संरक्षित पक्ष्यांची पिसं असलेली वस्तू अमेरिकेत विकताही येत नाही आणि तुमच्या सामानातून बाहेर नेणंही अडचणीचं ठरतं. म्हणूनच आज अनेक कारागीर पिसंही लाकडातच कोरतात किंवा पाळीव पक्ष्यांची वापरतात. घेतानाच विचारा आणि पावतीवर तसं लिहून घ्या, कस्टममध्ये तोच कागद दाखवायचा आहे. यजमानांच्या बाहुलीवरची पिसं कसली ते नक्की करता येत नसेल, तर तिला अमेरिकेतच कुणाकडे तरी राहू द्या. सामानाचा कंटेनर पावसाळ्यात पोहोचेल असा पाठवू नका. बाहुल्या ॲसिडमुक्त कागदात गुंडाळून हातातल्या बॅगेत आणता आल्या तर उत्तमच, आणि येणं डिसेंबर-जानेवारीत ठेवा. म्हणजे पहिल्या पावसाआधी त्यांना या हवेशी जुळवून घ्यायला चार-पाच महिने मिळतील.